बेडकांचा भटजी

सिॲटलच्या विमानतळावर मला शिंक आली आणि तिथूनच सगळं बिघडत गेलं.

शिंकेचं तसं काही नाही. आमच्याकडे घरातून निघताना कोणी शिंकलं तर माणसं चपला काढून पाच मिनिटं पुन्हा आत बसतात, आणि हे थोतांड आहे असं मी त्यांना चाळीस वर्षं सांगत आलो. पण इथे काचेपलीकडचा वर्दीतला अधिकारी माझ्या पासपोर्टवर शिक्का मारायला हात उचलतच होता, तेवढ्यात मी शिंकलो. तो मान वर न करता म्हणाला, "गॉड ब्लेस यू."

यावर नुसतं "थँक यू" म्हणायचं असतं. हे मला नंतर कळलं. त्या क्षणी सव्वीस तास अवघडून बसलेला मी अगदी प्रामाणिकपणे म्हणालो, "सॉरी सर, आय डोन्ट बिलीव्ह."

त्याने मान वर केली. "बिलीव्ह व्हॉट, सर?"

"गॉड," मी म्हणालो.

शिक्का जो वर राहिला तो राहिलाच. ते साल दोन हजार चार. सावळा, दोन दिवसांची दाढी वाढलेला एक म्हातारा कोणी विचारलेलं नसताना आपण काय मानत नाही ते जाहीर करतो आहे! संशय घ्यायला एवढं पुष्कळ होतं. त्याच्या जागी मी असतो तर मीही घेतला असता. मला आतल्या खोलीत नेलं, बॅग उघडली. सगळ्यात वर मेतकुटाची पिशवी.

"ही पिवळी पूड कसली?"

"भाताबरोबर खातात."

"कोण खातं?"

मी नीट विचार करून उत्तर दिलं, "आजारी माणसं."

दोन्ही अधिकारी दोन-दोन पावलं मागे सरकले.

माझा पुतण्या प्रसाद बाहेर अडीच तास उभा होता. मला बघताच त्याने वाकून नमस्कार केला, बॅग उचलून बघितली आणि म्हणाला, "काका, हलकी लागतेय. मेतकूट कुठंय?"

"अमेरिकन सरकारकडे," मी म्हणालो.

आता मी कोण, ते सांगायला हवं. सांगलीकडच्या एका तालुक्याच्या गावात मी आधी प्राथमिक शाळेत आणि पुढे हायस्कुलात विज्ञान शिकवलं. प्राथमिकला होतो तेव्हा लोक 'गुरुजी' म्हणायचे. हायस्कुलात गेल्यावर खरं म्हणजे मी 'सर' व्हायला हवं होतं, पण गावाने ती बढती मान्य केली नाही. घरातसुद्धा मी गुरुजीच. देवाधर्माशी माझं वाकडं आहे हे पंचक्रोशीला माहीत. सरकारी फॉर्मवर धर्माच्या रकान्यात मी आडवी रेघ मारतो. एका दुष्काळात गावाने पाऊस पडावा म्हणून बेडकांचं लग्न लावलं. (बेडकांची जोडी धरून आणायची, हळद लावायची, वाजंत्री लावून मंगलाष्टकं म्हणायची, की पाऊस येतो अशी समजूत.) त्याविरुद्ध मी पत्रक छापलं आणि स्वतः उभं राहून वाटलं. दुर्दैवाने वाटत असतानाच पाऊस आला आणि पत्रकं भिजली.

तर अशा या गुरुजींवर, निघताना, चहाच्या हॉटेलातल्या आमच्या चौघांच्या कंपूने एक कामगिरी सोपवली होती. ज्या देशाने चंद्रावर माणूस पाठवला, तिथे देवाला कितपत जागा उरली आहे ते बघून ये. मी वही घेऊन आलो होतो.

प्रसादचं घर बेलव्ह्यूला. तळ्याकाठचं, टेकड्यांवरचं आणि कायम ओलं असलेलं हे शहर. इथला पाऊस आपल्यासारखा येत नाही आणि जातही नाही, तो तिथे राहायलाच असतो. काळपट हिरवी, सरळसोट फरची झाडं, मधून मधून काचेच्या इमारती आणि त्यांत कॉम्प्युटरसमोर बसलेली आपल्याकडची शेकडो मुलं. दक्षिणेला माउंट रेनियर नावाचा प्रचंड हिमाच्छादित पर्वत आहे, असं तिथले लोक सांगतात. मला तो ढगांमुळे तीन आठवडे दिसला नाही. पण "आहे हो, तिथेच आहे, मागे," असं जो तो खात्रीने सांगायचा. एखाद्या दिवशी दिसलाच तर "आज डोंगर बाहेर आला" असं म्हणतात म्हणे.

"हे आपल्या देवळातल्या पुजाऱ्यासारखंच झालं," मी प्रसादला म्हणालो. "आहे, पण दिसत नाही. आणि दिसला नाही तर दोष आपल्या नशिबाचा."

"काका, त्याच्यावर कॅमेरा लावलाय. वेबसाइटवर फोटो दिसतो."

"पुजाऱ्याकडेही फोटो असतो," मी म्हणालो.

घरात माणसं तीन. प्रसाद, त्याची बायको मंजिरी आणि त्यांची पंधरा वर्षांची अनघा. मंजिरी मूळची नागपूरची, तीही सॉफ्टवेअरमध्ये, बोलायला चोख. अनघा इथेच जन्मली, इथेच दहावीत शिकते. मराठी तिला सगळं समजतं, पण प्रश्न मराठीत आत गेला की उत्तर इंग्रजीत बाहेर येतं. मला ती 'गुरुजी आजोबा' म्हणते आणि खुशाल अरेतुरे करते. मला ते आवडलं. शिष्यांनी कधी केलं नाही.

वही भराभर भरू लागली. गाड्यांच्या मागे देवाच्या चिकटपट्ट्या. एका हॉटेलच्या पाटीवर 'येशू तारतो' आणि खाली 'एकावर एक बर्गर फुकट'. टीव्हीवर पुढारी भाषण संपवताना देवाचा आशीर्वाद मागतो, खेळाडू चेंडू पलीकडे नेला की आभाळाकडे बोट दाखवतो. देव इतका उघड्यावर हिंडताना मी आपल्याकडे गणपतीतही पाहिला नव्हता, आणि गणपती निदान दहा दिवसांनी जातो.

शेजारी डोरोथी नावाच्या सत्तरीच्या बाई राहत. तिसऱ्याच दिवशी त्या माझ्यासाठी घरी केलेला केक घेऊन दारात हजर. ओळख ना पाळख! मला लगेच संशय आला, आणि केक संपता संपता तो खराही ठरला. "रविवारी आमच्या चर्चला या ना," त्या म्हणाल्या. "जसे आहात तसे या."

"जाऊ नका काका," प्रसाद म्हणाला. "म्हणजे, बोअर व्हाल."

मी अर्थातच गेलो. तपासाला नको?

चर्चभोवती गाड्यांचं मैदान आमच्या गावच्या बाजारापेक्षा मोठं. आत मेणबत्त्या आणि अंधार असेल असं वाटलं होतं, तर बास्केटबॉलचं कोर्ट निघालं. त्यावर खुर्च्या मांडलेल्या. पाद्री जीन्स घालून गिटार वाजवत होता. दारातच एका बाईने नाव लिहायला चिकटपट्टी दिली. माझं खरं नाव त्या पट्टीत मावणारं नाही, म्हणून मी ठळक इंग्रजी अक्षरांत 'गुरुजी' लिहिलं आणि छातीवर चिकटवलं. मग तासभर खुर्चीच्या अगदी कडेला बसून राहिलो. कोण कधी येऊन आपला धर्म काढून घेईल याचा नेम नाही, असं वाटत होतं. शेवटी शेवटी आठवलं की काढून घ्यायला तो माझ्याकडे नाहीच.

प्रार्थनेनंतर तळघरात जेवण होतं. टक्कल पडलेला एक उंच गृहस्थ ॲप्रन बांधून मोठ्या पातेल्यातून चिकन वाढत होता. चिकन फर्मास होतं.

"आणखी, गुरुजी?" माझी चिकटपट्टी वाचून त्याने विचारलं.

"आणखी," मी म्हणालो. तिसऱ्या वेळी त्याने विचारलंच नाही, सरळ वाढलं. त्याने आपलं नाव टॉम असं सांगितलं. एवढा आग्रह कशासाठी, असं मी वहीत लिहून ठेवलं.

पुढच्या रविवारी मंजिरीने मला देवळात नेलं. बहुधा फिट्टंफाट करायला. देऊळ गोदामांच्या रांगेतल्या एका पत्र्याच्या इमारतीत होतं. एका बाजूला टायरचं दुकान, दुसऱ्या बाजूला फरशांचं. आत मात्र उदबत्ती, बालाजी, गणपती आणि चपलांचा डोंगर. देवांपेक्षा मोठी पाटी 'टायरवाल्यांच्या जागेत गाड्या लावू नयेत' अशी होती. पुण्यात असताना चतुर्थी कधी येते नि जाते याचा पत्ता नसलेली मंडळी इथे सोवळं नेसून आली होती.

"काय गं, नागपुरात तू कधी देवळात जायचीस?" मी मंजिरीला विचारलं.

"नाही. पण नागपुरात मराठी ऐकायला देवळात जावं लागत नव्हतं, काका." तिचं हे वाक्य मी वहीत लिहिलं नाही. माझ्या बाजूचं नव्हतं.

प्रसादच्या घरामागे उतारावर एक पाणथळ जागा आहे. तिथे वसंतात अंगठ्याएवढे हिरवे बेडूक ओरडतात. देहाच्या मानाने आवाज केवढा! अनघा आणि मी संध्याकाळी तिकडे चालायला जायचो. एका संध्याकाळी ती काठावर थांबली आणि म्हणाली, "आजोबा, नेक्स्ट वीक बायॉलॉजीत आम्हाला फ्रॉग कट करायचाय. आय डोन्ट वॉन्ट टू."

"का गं? घाण वाटते?"

"नो."

"पाप लागेल असं वाटतं?" मी संशयाने विचारलं. देवळातून परत येऊन चारच दिवस झाले होते.

"ओ गॉड, नो." मग थोडं थांबून, "आय जस्ट डोन्ट वॉन्ट टू. म्हणजे, माझ्यासाठी कोणीतरी त्याला मारणार. कशाला?"

मी तिला बेडकाच्या हृदयाला तीन कप्पे असतात ते सांगितलं. ते बघितल्याशिवाय समजत नाही, असंही सांगितलं. मी स्वतः तीस वर्षं वर्गापुढे बेडूक कापले आहेत. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ओके. आय स्टिल डोन्ट वॉन्ट टू."

दोन दिवसांनी, जेवणं झाल्यावर, अनघा वर गेली आहे असं बघून मंजिरीने माझ्यापुढे एक कागद ठेवला.

"काका, एक सही हवी होती. छोटीशी."

शाळेचा सवलतीचा फॉर्म होता. प्रात्यक्षिक न करण्याची कारणं दोन. एक, तब्येत, खाली डॉक्टरची सही. दुसरं, धर्म, खाली धार्मिक मार्गदर्शकाची सही. तिसरा रकाना नव्हता. सवलत नसेल तर प्रात्यक्षिकात शून्य, आणि शून्य मिळालं की 'ऑनर्स'च्या (हुशार मुलांच्या) वर्गातून थेट बाहेर. पुढे कॉलेजच्या प्रवेशाला हाच वर्ग बघतात, असं मंजिरीचं म्हणणं. डॉक्टरने सही करायला नकार दिला होता. दुसऱ्या रकान्यात, धार्मिक मार्गदर्शकाच्या नावापुढे, तिने आधीच सुवाच्य अक्षरात लिहून ठेवलं होतं: गुरुजी.

"अगं, मी? धार्मिक?"

"तुम्हाला अख्खं गाव काय म्हणतं?"

"गुरुजी."

"मग मी काय खोटं लिहिलंय?"

"देवळातल्या खऱ्या गुरुजींना का नाही विचारलंस?"

मंजिरीने सुस्कारा सोडला. "विचारलं ना. ते म्हणाले, शास्त्रात बेडकाबद्दल असं काही नाही. सही करणार नाही. फार सरळ माणूस आहे हो."

"आणि अनघा परवाच चिकन नगेट्स खात होती, त्याचं काय?"

"काका, फॉर्मवर नगेट्सचा प्रश्न नाहीये."

"तिला माहितीये हे?"

"नाही. आणि सांगू नका प्लीज. तिला मी सांगीन, काम झालं म्हणून."

इथे मी उठून वर जायला हवं होतं. निदान माझ्या जुन्या सवयीने त्या रकान्यावर आडवी रेघ तरी मारायला हवी होती. पण पोरगी गुणी, वर्ग हातचा जाणार, आणि कारण तरी काय, एक बेडूक! मी सही केली. एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण खाली 'खुलासा' म्हणून सहा रेघा कोऱ्या होत्या, आणि मास्तराला कोरी रेघ दिसली की उत्तर लिहावंसं वाटतं. मी लिहिलं की आमच्या समाजात बेडकाला पर्जन्याचा दूत मानतात, त्याचं विधिपूर्वक लग्न लावतात, आणि अशा नवरदेवाच्या देहावर शस्त्र चालवलं तर पाऊस कोपतो. ज्या प्रथेविरुद्ध मी पत्रकं वाटली होती, तीच मी झकास इंग्रजीत, विशेषणं लावून मांडली. वाचून मलाच भरून आलं.

तिसऱ्या दिवशी शाळेतून फोन आला. जीवशास्त्राच्या शिक्षकांना शंका आहे. पालकांनी मुलीला घेऊन भेटायला यावं. शक्य असल्यास गुरुजींनीही यावं.

प्रसाद ऑफिसच्या कामाला गावाबाहेर होता. शाळेत मंजिरी, अनघा आणि मी असे तिघं गेलो. सवलत मागितली आहे, एवढंच मंजिरीने अनघाला सांगितलं होतं. मंजिरीने मला प्रसादचा रेशमी कुडता घालायला लावला. खांद्यावर शाल मी आपणहून घेतली, हे कबूल करतो. उपमुख्याध्यापिका मिसेस डॉसन दाराशी उभ्या होत्या. त्यांनी हात पुढे केला, मग घाईने मागे घेतला आणि दोन्ही हात जोडले. मी आशीर्वादासाठी हात वर केला. कसा केला, मला सांगता येणार नाही. हाताला आपोआप सुचलं.

आत टेबलामागे बसलेला जीवशास्त्राचा शिक्षक उठून उभा राहिला. उंच. टक्कल. ॲप्रन तेवढा नव्हता.

"आपली भेट झाली आहे, गुरुजी," मिस्टर टॉम हॅगन म्हणाले. "तीन प्लेटा."

मंजिरीने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर पाऊस पडत होता.

"कोंबडीचं लग्न आमच्यात लावत नाहीत," मी म्हणालो. दुसरं काही सुचलं नाही.

"आणि पाऊस कोपतो म्हणजे थांबतो ना?" हॅगन खिडकीकडे बघत म्हणाले. "तसं असेल तर हे शहर तुमचे आभार मानेल."

आता माझ्या मनात उलट संशय शिजू लागला. चर्चमध्ये पातेली उचलणारा हा माणूस, याला माझ्या धर्माची अडचण होत असणार! मी शाल सावरली आणि विचारलं, "तुम्ही उत्क्रांती शिकवता की नाही?"

"सोमवार ते शुक्रवार शिकवतो," ते शांतपणे म्हणाले. "रविवारी प्रार्थना करतो. दोन्हीकडे खोटं बोलावं लागत नाही, म्हणून जमतं."

मिसेस डॉसन यांनी हात वर करून दोघांना थांबवलं. त्यांचं म्हणणं असं, की कोणाची श्रद्धा खरी की खोटी याची परीक्षा शाळेने घ्यायची नाही, असा नियम आहे. गुरुजींनी काय खाल्लं हा शाळेचा प्रश्नच नाही. पत्र आहे, सही आहे. आता फक्त विद्यार्थिनीने हो म्हटलं की झालं. त्यांनी माझं पत्र अनघापुढे सरकवलं. "अनघा, ही तुझी मनापासूनची श्रद्धा आहे ना?"

म्हणजे एवढंच. एक 'येस', आणि वर्ग शाबूत. मंजिरी पुढे झुकून बसली होती. मी पोरीकडे बघून किंचित मान हलवली. चाळीस वर्षं खरं बोला, खरं बोला म्हणून ओरडणाऱ्या मी, तिला 'हो म्हण' अशी खूण केली.

अनघाने पत्र पहिल्यांदाच बघितलं. सावकाश, शेवटपर्यंत वाचलं. मध्ये एकदा तिला हसू आलं, बहुधा नवरदेवापाशी. मग तिने ते पालथं ठेवलं.

"नो," ती म्हणाली. "ही इज नॉट अ प्रीस्ट. ते माझे आजोबा आहेत. सायन्स टीचर. आम्ही फ्रॉगची पूजा वगैरे नाही करत. आय ईट चिकन. मला फक्त तो कापायचा नाहीये."

"अनघा!" मंजिरी मराठीत म्हणाली, "तुला कळतंय का, काय जाईल ते?"

"आय नो, आई."

मिसेस डॉसन यांना खरंच वाईट वाटलं. त्यांनी फॉर्म उलटसुलट करून बघितला, जणू मागे काही सापडेल. "नुसतं नकोय, यासाठी आमच्याकडे रकाना नाही गं," त्या म्हणाल्या.

मग हॅगन माझ्याकडे वळले. आवाजात चेष्टा नव्हती. एक मास्तर दुसऱ्या मास्तराला विचारतो तसं त्यांनी विचारलं, "तुमच्या वर्गात असं कोणी म्हणालं की तुम्ही काय करायचात?"

"आमच्याकडे कोणी नकार दिलाच नाही," मी म्हणालो. हे मी अगदी खरं समजून सांगितलं. त्या सकाळी मी बोललेलं खरं असं हेच एक वाक्य आहे, असं मला वाटलं.

अनघाला शून्य मिळालं. सोमवारपासून ती साध्या वर्गात बसू लागली. मंजिरी घरी येताना गाडीत रडली आणि मग दोन दिवस माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलली. पहिला दिवस मी सहीखाली खुलासा लिहिला म्हणून आणि दुसरा दिवस मी तीन प्लेटा खाल्ल्या म्हणून, असं मी धरून चाललो. प्रसाद परत आला, सगळं ऐकलं आणि म्हणाला, "काका, शाल कशाला घेतलीत, यार?" काकाला यार म्हणण्याची त्याची ती पहिलीच वेळ. मी मनावर घेतलं नाही.

निघायच्या दिवशी अनघा विमानतळावर आली होती. रांगेत उभं असताना तिने विचारलं, "आजोबा, तू तर देव मानत नाहीस. मग सही का केलीस?"

"तुझ्या मार्कांसाठी."

"हं. आईपण सेम म्हणाली." मग माझी शाल नीट करत म्हणाली, "बट यू वेअर सो गुड अ‍ॅट इट. तो हात वर केलास ना? वॉज लाइक, वाव."

मी लोकांना आयुष्यभर सांगत आलो की माणूस देवाकडे जातो तो भीतीपोटी नाहीतर लोभापोटी. हे मी नेहमी दुसऱ्यांबद्दल बोलत होतो.

परतीच्या विमानात, खाली नुसतं पाणी असताना, हॅगन मास्तरांचा प्रश्न पुन्हा मनात आला आणि त्याच्यामागून हजेरीपट आला. बेडकाचं प्रात्यक्षिक मी आदल्या दिवशी जाहीर करायचो, म्हणजे मुलं ब्लेड घेऊन येतील. आणि दर वर्षी, न चुकता, त्या दिवशी चार-पाच मुली शाळेत यायच्या नाहीत. बहुतेक माळकरी घरांतल्या (गळ्यात तुळशीची माळ, घरात मांस वर्ज्य), पण सगळ्या नव्हेत. एकीच्या घरी तर बकऱ्या कापायचा धंदा होता. कोणाला ताप, कोणाची मावशी आजारी. मला तेव्हाही संशय यायचा, पण कामचुकारपणाचा. दुसऱ्या दिवशी त्यांना उभं करून मी विचारायचो, "काय गं, ताप बरोबर बेडकाच्या दिवशीच येतो का?" वर्ग हसायचा. विज्ञानाच्या बाजूने हसतो आहे असं मला वाटायचं. प्रात्यक्षिकाचे गुण मी कापायचो. त्यांच्या आईबापांना कोणी भेटायला बोलावलं नाही. त्यांना 'हो की नाही' असं कोणी विचारलंच नाही, त्यामुळे 'नाही' म्हणायची त्यांना सोयच नव्हती.

गावी आल्यावर कंपूने हॉटेलात घेरलं. "काय गुरुजी, आहे का तिकडे देव?"

"आहे," मी म्हणालो. "ऑफिसात त्याचा स्वतंत्र रकाना आहे."

ते हसले. पुढचं मी त्यांना सांगितलं नाही. इथे लिहितो आहे. श्रद्धेबद्दलचा माझा संशय जरासुद्धा कमी झालेला नाही. पंधरा वर्षांच्या मुलीला मनातली साधी गोष्ट सांगायला जिथे देवाची चिठ्ठी लागते, तिथली हवा मला बरी वाटत नाही. पण चिठ्ठी आणण्याचीही सोय जिथे नव्हती, त्या माझ्या प्रयोगशाळेबद्दल आता मला जास्त संशय येतो.

हॅगन मास्तरांचा पत्ता मी प्रसादकडून मागवून घेतला. पत्र चार वेळा लिहिलं, तीन वेळा फाडलं, कारण दर वेळी त्यात विशेषणं यायची. शेवटी जे टपालात टाकलं ते इतकंच होतं:

"तुमच्या प्रश्नाला मी दिलेलं उत्तर चुकीचं होतं. माझ्या वर्गातल्या मुलींनी दर वर्षी नकार दिला. मी त्यांच्या नावापुढे गैरहजर असं लिहीत होतो."